लस टोचूनही लाळ्या-खुरकूत का येतो, आणि बुळकांडीसारखा तो देशातून जाईल का

फलटण भागातल्या एका दूधवाल्या भावाचा प्रश्न आहे. बारा एचएफ (होल्स्टिन जातीच्या, जास्त दुधाच्या) गायी, दर फेरीला सरकारी लस टोचून घेतात, कानात बिल्ले आहेत, तरी मागच्या महिन्यात चार गायींना खुरकूत झाला, अठरा लिटरची गाय पाच लिटरवर आली, आणि तीन आठवड्यांचं वासरू एका दिवसात गेलं. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात. लस बोगस असते का, इंग्लंडात आजारी कळप मारून रोग संपवतात तसं आपल्याकडं का करत नाहीत, आणि बुळकांडी (जुन्या काळी गावंच्या गावं बैलाविना करणारा जनावरांचा साथीचा रोग) गेली मग हा लाळ्या का जात नाही.

मी १९९० ला पशुसंवर्धन खात्यात लागलो, बत्तीस वर्षं तालुक्याच्या दवाखान्यांतच गेली, बुळकांडीचं शेवटचं पर्व स्वतःच्या पायानं फिरलोय आणि लाळ्याची लस किती जनावरांना टोचली त्याचा हिशोब नाही. त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

आधी वासराचं. वाईट वाटलं वाचून. तोंडात फोड नाही, लाळ नाही, सकाळी पीत होतं आणि दुपारी आडवं झालं असं तुम्ही सांगताय, ते लाळ्याचंच आहे. कोवळ्या वासरात हा विषाणू तोंडाखुरांत दिसायच्या आधीच हृदयाच्या स्नायूवर जातो, शवविच्छेदन केलं तर हृदयावर वाघाच्या अंगावर असतात तसे पांढुरके पट्टे दिसतात, आणि त्याला औषध काही नाही. पुढच्या वेळी एवढं करा, आजारी गाईचं कच्चं दूध वासराला अजिबात पाजू नका, दुधातून विषाणू येतो, उकळून कोमट करून पाजा आणि वासरं आजारी दावणीपासून लांब बांधा.

आता लस. बोगस नाही. पण तिच्याकडून आपण जी अपेक्षा ठेवतो ती चुकीची आहे. आपल्या डोक्यात लस म्हणजे देवीची लस, एकदा टोचली की जन्माची निवांत. लाळ्याची तशी नाही. यात मारलेला विषाणू असतो, आणि लाळ्याचा विषाणू एक नाही, जगात त्याचे सात प्रकार आहेत, आपल्याकडं ओ, ए आणि एशिया-१ हे तीन फिरतात (सी नावाचा होता, तो १९९५ नंतर भारतात सापडलेला नाही). एका प्रकाराविरुद्ध अंगात बनलेली ताकद (प्रतिकारशक्ती) दुसऱ्याला उपयोगी पडत नाही म्हणून तिन्ही एकाच बाटलीत घालतात. आणि ती ताकद टिकते जेमतेम सहा महिने. म्हणजे तुमची फेरी दोन महिने लांबली तर त्या दोन महिन्यांत गाय जवळजवळ उघडीच आहे, कानात बिल्ला असला आणि सरकारी ॲपवर लशीची नोंद असली तरी.

पहिल्यांदा टोचलेल्या कालवडीचा तर वेगळाच घोटाळा. चार महिन्यांची झाली की पहिला डोस, आणि एक महिन्यानं बूस्टर. हा बूस्टर फार ठिकाणी राहून जातो, कारण टोचणारी टीम सहा महिन्यांनीच परत येते आणि मालकाला वाटतं झालं की एकदा. एका डोसावर कालवडीची ताकद नीट बनत नाही, मग गोठ्यात पहिली तीच पडते आणि मग लोक म्हणतात लस टोचलेली पडली.

थंडाव्याचं पण सांगतो, कारण हे कुणी बोलत नाही. लस २ ते ८ डिग्रीत ठेवायची. उन्हात राहिली तर त्यातला विषाणूचा कण फुटतो आणि मग ती टोचली काय आणि पाणी टोचलं काय सारखंच, बाटलीचा रंग मात्र बदलत नाही त्यामुळं बघून काही कळत नाही. आणि फ्रीजरमध्ये गोठली तरी गेली, कारण ती तेलातली लस आहे, गोठली की तेल आणि पाणी वेगळं होतं. मी नोकरीत असताना एका दवाखान्यात दोन दिवस लाईट नव्हती, फ्रीज बंद, आणि वरून सांगणं आलं की उद्दिष्ट पूर्ण करा. आम्ही ती लस वापरली नाही, त्यावरून मला बोलणी बसली. पण सगळीकडं असंच झालं असेल असं मी म्हणणार नाही. म्हणून तुमच्या दारात टोचायला येतील तेव्हा डब्यात बर्फ आहे का बघा, हक्कानं विचारा, आणि प्रत्येक जनावराला सुई बदला म्हणा, त्यात कुणाचा अपमान नाही.

पण खरं कारण तुमच्या गोठ्यात नाहीच, ते गावात आहे. हिशोब बघा. गावात शंभर जनावरं धरा. त्यातली ऐंशी टोचली, कागदावर हे उत्तम काम झालं. त्या ऐंशीतल्या सगळ्यांना लस सारखी उतरत नाही, काही गाभण, काही अशक्त, काही जंतानं खंगलेली, काही बूस्टर न झालेली, समजा ऐंशी टक्क्यांना नीट उतरली. म्हणजे हातात किती राहिली, चौसष्ट. आणि लाळ्यासारखा वाऱ्यावर पळणारा रोग थांबवायला गावातल्या ऐंशीएक टक्के जनावरांत खरी ताकद पाहिजे. राहिलेल्या छत्तिसात सोळा टोचूनही लस न उतरलेली, आणि न टोचलेली वीस कुणाची असतात? ज्यांची गाय आता दुधात आहे आणि टोचल्यावर दोन-तीन दिवस दूध घटतं म्हणून ज्यांनी नको म्हटलं त्यांची, ज्यांची म्हैस भरत आलीय आणि गाभडायची भीती वाटते त्यांची, रानात वस्तीवर राहणाऱ्यांची, आणि शेळ्यामेंढ्या तर कुणी मोजतच नाही. शेळीमेंढीत हा रोग इतका हलका येतो की जरा लंगडली एवढंच दिसतं, आणि विषाणू मात्र ती पसरवत असते. तुमच्या बाराच्या बारा टोचल्या तरी चारी बाजूनं विषाणूचा मारा एवढा असतो की लस तोकडी पडते. तरी एक बघा, तुमच्या बारातल्या चारच पडल्या आणि मोठी एकही मेली नाही. बिगरलशीच्या संकरित गोठ्यात मी दावणीच्या दावणी पडलेल्या बघितल्यात.

२०१३ साली कर्नाटकात लाळ्याची मोठी साथ आली होती, हजारो जनावरं मेली. तेव्हा मी सीमेजवळच्या एका तालुक्यात होतो. दोन गावं सांगतो, शेजारशेजारची, मध्ये एक ओढा. एका गावात डेअरीच्या चेअरमननं दवंडी दिली, दोन दिवस दूध संकलनाच्या वेळीच टोचणी लावली, ज्याच्या गाईला टोचलेलं नाही त्याला दुसऱ्या दिवशी घरी जाऊन गाठलं, मेंढपाळाचा वाडा गावाबाहेर होता तिथं आम्ही रात्री बॅटऱ्या घेऊन गेलो. दुसऱ्या गावात तीच लस, तोच बॅच, मीच टोचणारा, पण पाच आठवडे लागले, आज या आळीत उद्या त्या आळीत, कुणी लग्नाला गेलेलं, कुणी म्हणालं पुढच्या वेळी. पहिल्या गावात तीन जनावरांवर थांबलं. दुसऱ्या गावात आम्ही मोजणं सोडून दिलं. त्या दिवसापासून मी कुणालाही हेच सांगतो, तुमच्या गाईला लस कधी दिली हे मला कमी महत्त्वाचं वाटतं, गावाला किती दिवसांत दिली ते सांगा.

आता इंग्लंड. २००१ साली तिथं लाळ्या आला. डुकरांना न उकळलेलं उष्टंखरकटं घातलं तिथून सुरू झालं, मग तो मेंढरांत गेला, मेंढरं बाजारात गेली आणि फेब्रुवारीत पहिलं निदान होईपर्यंत बाजाराच्या गाड्यांतून तो देशभर पसरलेला होता. दोन हजारांवर ठिकाणी रोग सापडला आणि साठ लाखांहून जास्त जनावरं मारली, त्यातली बरीच निरोगी होती, फक्त शेजारची म्हणून. सात-आठ महिन्यांत देश मोकळा केला हे खरं. पण ते त्यांना का परवडलं, तर त्यांच्याकडं रोग मुळात नव्हता, बाहेरून आलेला होता, मारायचं ठरवलं तर शेवट दिसत होता, आणि सरकार मालकाला पैसे देत होतं. आपल्याकडं २०१९ च्या पशुगणनेत गायवर्ग सव्वा एकोणीस कोटी आणि म्हशी जवळजवळ अकरा कोटी, रोग राज्याराज्यांत मुरलेला, आणि एकेका घरात दोन-तीन जनावरं ज्यावर पोरांची फी जाते. मारून संपणार नाही, आणि कायद्यानं आणि मनानं आपण तसं करणारही नाही, मला स्वतःला ते करवलं नसतं. आणि ज्यांनी रोग घालवला त्यांनाही कायमची सुटका नाही, जर्मनीत १९८८ नंतर लाळ्या नव्हता, जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळ म्हशींच्याच एका छोट्या कळपात निघाला, आणि लगेच कितीतरी देशांनी त्यांचं मांस आणि दूध घेणं थांबवलं.

बुळकांडीचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा. तुमच्या वडिलांना विचारा, आजोबा असतील तर त्यांना विचारा, बुळकांडी म्हटलं की म्हातारी माणसं अजून गप्प होतात. तोंडात फोड, डोळ्यातून पाणी, मग पाण्यासारखी हगवण, आणि आठ-दहा दिवसांत बैल आडवा, गावंच्या गावं बैलाविना राहायची आणि पेरणी जायची. या रोगासाठीच इंग्रजांनी १८८९ ला पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा काढली, ती पुढं मुक्तेश्वरला हिमालयात नेली, आणि तिथं एडवर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात शेळीत वाढवलेल्या विषाणूची लस काढली. देशव्यापी मोहीम सुरू झाली १९५४ ला. आणि आता नीट ऐका, १९५४ पासून पस्तीस-चाळीस वर्षं आपण टोचत होतो, कोट्यवधी डोस दिले, रोग कमी झाला पण गेला नाही. कुठंतरी एखाद्या कळपात दबा धरून राहायचा आणि पुन्हा निघायचा.

मग १९९२ पासून शेवटचं पर्व आलं, त्यात टोचण्यासोबत शोधण्यावर जोर दिला. मी तेव्हा मराठवाड्यात होतो, तरुण होतो, सायकल आणि कधी एसटी. गावात जायचं, चावडीवर बसायचं, फोटो दाखवायचा आणि विचारायचं की असं जनावर कुणाच्या दारात दिसलं का, हगवण लागून मेलं का, कुठून आणलेलं होतं. जनावरांच्या वाटा, बाजार, मेंढरांचे तळ, कत्तलखान्याकडं जाणारे रस्ते, सगळं पालथं घातलं. आणि नंतर लस बंद केली, मुद्दाम बंद केली, कारण लशीखाली दबलेला रोग दिसत नाही. तेव्हा आमच्यातलेच कितीतरी म्हणत होते की हा वेडेपणा आहे, मीही त्यातलाच होतो. १९९५ ला तमिळनाडूत शेवटची साथ झाली, २००६ ला भारत मुक्त जाहीर झाला आणि २०११ ला सगळं जग. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग. माझ्या नोकरीतली ही एक गोष्ट मी नातवंडांना अभिमानानं सांगतो.

मग लाळ्या का जात नाही? कारण बुळकांडीला एकच प्रकार होता, याला सात आहेत. बुळकांडीची लस एकदा टोचली की जन्मभर, हिची सहा महिने. बुळकांडी झालेलं जनावर एकतर मरायचं नाहीतर पूर्ण बरं व्हायचं, विषाणू अंगात ठेवून फिरायचं नाही, लाळ्या होऊन बरी झालेली गाय घशात विषाणू घेऊन कितीतरी महिने, कधी दोन-तीन वर्षंही राहते. बुळकांडीचा विषाणू बाहेर उन्हात टिकायचा नाही, हा वैरणीत, शेणात, बुटाला, दुधाच्या कॅनला चिकटून राहतो. आणि शेवटचं म्हणजे बुळकांडीनं बैल मरायचा म्हणून लोक धावत दवाखान्यात यायचे, लाळ्यानं मोठं जनावर सहसा मरत नाही म्हणून लोक बोरिक पावडर आणि ग्लिसरीन लावून गप्प बसतात. खरा तोटा नंतर कळतो, गाय उन्हात धापत राहते, माजावर येत नाही, कास खराब होते, आणि दूध परत पहिल्यासारखं चढत नाही.

तरी जाणार नाही असं मी म्हणत नाही. सप्टेंबर २०१९ ला केंद्रानं मथुरेतून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, लाळ्या आणि ब्रुसेल्ला (जनावर गाभडण्याचा रोग) मिळून पाच वर्षांना १३,३४३ कोटी, सगळ्या गायीम्हशींना वर्षातून दोनदा फुकट लस, कानात बारा आकडी बिल्ला, आणि २०३० पर्यंत रोग संपवायचं लक्ष्य. मध्ये लशीचे काही साठे चाचणीत नापास झाले, फेरी लांबली, कोविड आला, त्यामुळं सुरुवात अडखळत झाली. पण टोचण्याआधी आणि २८ दिवसांनी रक्त घेऊन ताकद बनली का ते तपासतात, आणि लशीची ताकद वेगळी आणि रोग होऊन आलेली वेगळी हे ओळखणारी चाचणीही आपल्याकडं आहे. माझ्या सुरुवातीच्या काळात यातलं काहीच नव्हतं.

कमी काय पडतंय ते सांगतो, आणि इथं मी जरा स्पष्टच बोलणार. जनावरांच्या हालचालीवर आपला हातच नाही. दिवाळीच्या आसपास बीड आणि नगर भागातून ऊसतोडीच्या बैलगाड्या निघतात, कारखान्यावर शेकडो बैल एका तळावर, एकाच हौदावर पाणी पितात, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत आपापल्या गावी जातात. तुमच्या फलटणच्या आजूबाजूला किती कारखाने आहेत ते तुम्हाला माहीत आहे. या बैलांना गाव सोडायच्या तीन आठवडे आधी लस मिळाली पाहिजे, तळावर पोचल्यावर टोचून उशीर होतो कारण ताकद बनायला दोन आठवडे तरी लागतात. मी तीन हंगाम यासाठी भांडलो, एका हंगामात जमलं, पुढच्या वर्षी बदली झाली.

आणि दुसरं, लपवणं. २००९ चा कायदा सांगतो की असा रोग दिसला तर कळवायचं आणि जनावर बाजारात न्यायचं नाही. होतं काय, गाय लाळ गाळायला लागली की मालक पहिल्याच आठवडी बाजारात ती विकतो. मी त्याला शिव्या देणार नाही, त्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि कळवलं तर त्याच्या हातात काय पडतं? डेअरी दूध बंद करते, गावात बोंब होते, आणि भरपाई शून्य. २०२२ ला लम्पी आला तेव्हा महाराष्ट्र सरकारनं मेलेल्या गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० दिले, बाजार बंद केले, गायीबैलांना जवळजवळ सरसकट टोचलं. तेव्हा लोक स्वतः फोन करून सांगत होते, डॉक्टर आमच्याकडं गाठी आल्यात या. पैसे मिळणार म्हटल्यावर लपवालपवी अर्ध्यावर आली हे मी डोळ्यांनी बघितलं. लाळ्यात मोठं जनावर सहसा मरत नाही म्हणून दुधाच्या नुकसानीचे काही पैसे, अगदी महिन्याभराच्या पेंडीपुरते जरी, कळवणाऱ्याला दिले तर पहिल्या दोन दिवसांत खबर लागेल, आणि या रोगात पहिले दोन दिवसच सगळं ठरवतात. हे मी खात्यात असताना लिहून दिलं होतं, आजही म्हणतो.

आता तुमच्या गोठ्याचं, कारण तुम्हाला आज उठून काम करायचंय. आजारी चार गायींना आत्ता लाळ्याची लस देऊ नका, बऱ्या झाल्यावर डॉक्टरांना विचारून पुढच्या फेरीला घ्या. तोंड लाल औषधाच्या (पोटॅशियम परमँगनेट) फिकट पाण्यानं धुवा, मऊ हिरवा चारा आणि कण्या द्या, कडबा तोंडाला टोचतो. खुरात किडे पडू देऊ नका. धारा काढताना निरोगी गायी आधी, आजारी शेवटी, आणि कपडे बदला. गोठ्यात फिनेल ओतलं असेल तर त्यावर विसंबू नका, या विषाणूला फिनेल फारसं बाधत नाही, धुण्याचा सोडा घ्या (खाण्याचा नव्हे), लिटरला ४० ग्रॅम, आधी शेण खरवडून काढा आणि मग त्यानं जमीन, गव्हाण, बूट, कॅनचा बाहेरचा भाग धुवा. दाराशी त्याच पाण्यात भिजवलेलं पोतं टाका. दुधाची गाडी आणि कृत्रिम रेतनाला येणारा माणूस गोठ्याच्या आत यायला नको, आणि आम्ही डॉक्टर लोकही, गोठ्यागोठ्यात हा रोग आमच्या बुटांनी पुष्कळ नेलाय हे मी मान्य करतो.

दोन महिन्यांनी मोठ्या बाजारातून नवीन गाय आणायची म्हणताय, तर आणा, पण बिल्ल्याचा नंबर ॲपवर बघून शेवटची लस कधीची ते तपासा आणि घरी आणल्यावर चार आठवडे वेगळ्या छपरात बांधा, तिची बादली वेगळी, माणूसही जमलं तर वेगळा. आणि तुमच्या संकलन केंद्राच्या चेअरमनला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जा, पुढच्या फेरीची तारीख आजच मागा, दोन दिवसांत अख्खं गाव, मेंढरांच्या वाड्यासकट. सप्टेंबरची फेरी असेल तर कारखान्याच्या गाड्या यायच्या आत उरका.